इतिवृत्तातील ‘ॲडजर्न’: सभा तहकूब झाली की संपली?

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. विश्रामबाग भागातील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद सध्या माझ्याकडे आहे. इतिवृत्तातील एका इंग्रजी शब्दावरून संस्थेत जो पेच उभा राहिला आहे, त्याविषयी सभांच्या कामकाजाची माहिती असलेल्यांचे मत हवे आहे.

आमच्या अधिमंडळाची (म्हणजे सर्व सभासदांची) वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये सकाळी दहा वाजता बोलावलेली होती. सूचनापत्राच्या तळाशी नेहमीची टीप होती की, गणपूर्तीअभावी (सभेला लागणारी किमान उपस्थिती नसल्यामुळे) सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी साडेदहा वाजता घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. आमच्याकडे दरवर्षी घडते तेच यंदाही घडले. दहा वाजता खुर्च्या लावणारे आणि चहा सांगणारे सोडून फारसे कोणी नव्हते, त्यामुळे सभा तहकूब करून साडेदहाला पुन्हा सुरू केली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येक सदनिकेमागे जादा वर्गणी घेण्याचा ठराव चर्चेअंती बहुमताने मंजूर झाला आणि पावणेएकला आभारप्रदर्शन होऊन सभा संपली.

इतिवृत्त मी मराठीत लिहिले. काही सदनिकाधारक परदेशी आणि परप्रांतात असल्यामुळे त्यांच्यासाठी इंग्रजी प्रत तयार करण्याचे काम एका तरुण सभासदाने आपणहून घेतले. ते पुण्यात एका अमेरिकी कंपनीच्या कार्यालयात नोकरीला आहेत व त्यांचे इंग्रजी उत्तम आहे. त्यांच्या मसुद्यात ‘ॲडजर्न’ हा शब्द दोनदा आला आहे. पहिल्यांदा, गणपूर्ती नसल्यामुळे सभा साडेदहापर्यंत ‘ॲडजर्न’ झाली असा, आणि शेवटी, आभार मानून सभा पावणेएकला ‘ॲडजर्न’ झाली असा.

या शेवटच्या वाक्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी लेखी हरकत घेतली आहे. त्यांचे म्हणणे असे की, ‘ॲडजर्न’ म्हणजे तहकूब, तहकूब सभा ही न संपलेली सभा असते, आणि न संपलेल्या सभेतील ठराव पक्का मानता येत नाही. म्हणून सभा पुन्हा भरवून वर्गणीचा विषय नव्याने चर्चेला घ्यावा, असा त्यांचा आग्रह आहे. वर्गणीला त्यांचा मुळातच विरोध होता हे उघड आहे, तरीही शब्दाबाबतचे त्यांचे म्हणणे मला सरसकट खोडून काढता येत नाही. एकाच कागदावर एकच शब्द दोन वेगळ्या अर्थांनी चालतो का? चालत नसेल तर शेवटच्या जागी कोणता शब्द हवा? आणि मुख्य म्हणजे, या शब्दामुळे ठरावाला खरोखर बाधा येते का?

दप्तरदार (सातारा) यांचे उत्तर

आपल्या ज्येष्ठ सभासदांनी शब्दाचा जो अर्थ सांगितला आहे तो आपल्याकडील वहिवाटीप्रमाणे बरोबर आहे, मात्र त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर पेच बराचसा सुटतो.

हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याच्या पोटात ‘दिवस’ या अर्थाचा शब्द आहे. एखादे काम अमुक दिवसावर नेऊन ठेवणे, त्यासाठी दिवस नेमून देणे, हा त्याचा मूळचा भाव. कोर्टात आपण ‘तारीख पडली’ म्हणतो तेव्हा नेमकी हीच क्रिया सांगत असतो, आणि म्हणूनच संसदेची किंवा विधिमंडळाची बैठक पुढचा दिवस न नेमता तहकूब होते तेव्हा इंग्रजीत त्याला ‘साइनी डाय’ अशी लॅटिन जोड देतात, जिचा शब्दशः अर्थ ‘दिवसाविना’ असा आहे. मराठी वृत्तपत्रे त्यालाच ‘बेमुदत तहकूब’ म्हणतात. दिवस नेमणे हा शब्दाचा गाभा नसता, तर ‘दिवसाविना’ अशी वेगळी पुस्ती जोडावी लागली नसती.

भारतात सभांचे कामकाज आणि त्याची परिभाषा ब्रिटिश पद्धतीवरून आलेली असल्यामुळे आपल्या कायद्यांत, संस्थांच्या उपविधींत (अंतर्गत नियमांत) आणि कंपन्यांच्या कागदपत्रांत ‘ॲडजर्न’ याचा अर्थ सुरू झालेली किंवा रीतसर बोलावलेली सभा पुढच्या वेळेवर नेणे असाच घेतला जातो. सभेचे सर्व काम आटोपल्यावर ती ‘कन्क्लूड’ होते, क्वचित ‘क्लोज’ किंवा ‘टर्मिनेट’ होते. कंपनी सचिवांच्या राष्ट्रीय संस्थेने सभांसाठी जी मानके ठरवून दिली आहेत, त्यांतही इतिवृत्तात सभा सुरू झाल्याची व संपल्याची वेळ नोंदवावी असे सांगितले आहे, आणि त्या दुसऱ्या वेळेसाठी शब्द ‘कन्क्लूजन’ असा वापरलेला आहे. तेव्हा आपल्या मसुद्यातील पहिला ‘ॲडजर्न’ अचूक आहे आणि दुसऱ्या जागी ‘कन्क्लूडेड’ हवा होता.

मराठीत आपली सोय अधिक चांगली आहे, कारण प्रत्येक अवस्थेला आपल्याकडे निराळा शब्द आहे. सभा सुरूच होण्याआधी तिची तारीख बदलली तर ती ‘पुढे ढकलली’ जाते. भरल्यावर पुढच्या वेळेवर नेली तर ‘तहकूब’ होते. मुळात होणारच नसेल तर ‘रद्द’ होते, आणि काम पुरे झाल्यावर ‘संपते’ किंवा तिची ‘सांगता’ होते. ‘बरखास्त’ हा शब्दही जुन्या कागदांत सभा संपण्यासाठी सापडतो आणि तो चुकीचा नाही. फारसीत त्याचा संबंध ‘उठणे’ या क्रियेशी आहे, म्हणजे दरबार बरखास्त झाला याचा अर्थ मंडळी उठली, एवढाच. परंतु सहकारी संस्थेच्या इतिवृत्तात तो आज लिहू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या जिल्ह्यांत ‘बरखास्त’ म्हटले की संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आला, हेच डोळ्यांपुढे येते, आणि आपल्या हरकतदारांना त्यातून आणखी एक मुद्दा मिळायचा.

आता ठरावाविषयी. ठराव मंजूर होतो तो मतदानाच्या क्षणी. सभेच्या शेवटच्या वाक्यात कोणता शब्द पडला यावर त्याचे अस्तित्व अवलंबून नसते. समजा आपली सभा त्या दिवशी खरोखरच तहकूब झाली असती आणि उरलेले विषय पुढच्या रविवारी घेतले गेले असते, तरीही पहिल्या दिवशी मंजूर झालेला वर्गणीचा ठराव मंजूरच राहिला असता. तहकुबी ही उरलेल्या विषयांची असते, आटोपलेल्या विषयांची नव्हे. हरकतदारांचा युक्तिवाद नेमका इथे घसरतो.

मेणवलीचा वाचक (वाई) यांचे उत्तर

दप्तरदारांच्या उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु त्या तरुण सभासदावर थोडा अन्याय होतो आहे असे वाटल्याने लिहितो. वाईत विश्वकोशाचे कार्यालय असल्यामुळे म्हणा किंवा आमच्या गावाला शास्त्र्यांची जुनी सवय असल्यामुळे म्हणा, शब्दाची बाजू पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय निकाल द्यायला इथले लोक तयार नसतात.

अमेरिकेत सभांच्या कामकाजाचा सर्वांत प्रसिद्ध नियमग्रंथ हेन्री मार्टिन रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने लिहिला आणि तो १८७६ साली प्रथम छापला गेला. तिकडच्या क्लबांपासून शिक्षक संघटनांपर्यंत असंख्य संस्था आजही त्याच्या सुधारित आवृत्तीप्रमाणे चालतात. त्या परंपरेत ‘ॲडजर्न’ करणे म्हणजे सभा संपवणे. सभा चालू असताना थोडा वेळ थांबायचे असेल तर त्याला ‘रिसेस’ म्हणतात, आणि हीच सभा पुढे अमुक दिवशी चालू ठेवायची असेल तर तो दिवस ठरवणारा वेगळा प्रस्ताव मांडावा लागतो. म्हणजे पुढचा दिवस न सांगता नुसते ‘ॲडजर्न’ म्हटले की अमेरिकी वाचक सभा संपली असेच समजतो. अमेरिकी कार्यालयात रोज इतिवृत्ते वाचणाऱ्या माणसाच्या लेखणीतून तेच वाक्य येणे अगदी स्वाभाविक आहे. त्याचे इंग्रजी चुकीचे नसून ते दुसऱ्या देशाच्या वहिवाटीचे आहे. इंग्रजी शब्दकोशांतही दोन्ही अर्थ दिलेले आढळतात.

विषयाला अगदी लागून म्हणून सांगतो, ‘टेबल’ या क्रियापदाची गत याहूनही अवघड आहे. ब्रिटिश पद्धतीत एखादा विषय ‘टेबल’ करणे म्हणजे तो चर्चेसाठी पुढे मांडणे, आणि आपले ‘सभागृहाच्या पटलावर ठेवणे’ हे त्याच वळणाचे आहे. अमेरिकेत मात्र त्याच क्रियापदाचा अर्थ विषय बाजूला सारणे असा जवळजवळ उलटा होतो. त्या मानाने ‘ॲडजर्न’ने आपल्याला पुष्कळच सवलत दिली, असे म्हणावे लागेल.

तेव्हा प्रश्न असा उरतो की, सांगलीच्या संस्थेचे इतिवृत्त कोणत्या वहिवाटीने वाचायचे. तिथे दप्तरदारांचे म्हणणे मला मान्य आहे, कारण संस्था महाराष्ट्रातील कायद्याखाली नोंदलेली आहे आणि उद्या वाद सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे किंवा सहकार न्यायालयात गेला तर तो इथल्या परिभाषेनेच वाचला जाईल. पण मग एक गोष्ट हरकतदारांनाही विचारायला हवी. शेवटच्या वाक्यात पुढच्या सभेची तारीख, वेळ, ठिकाण किंवा शिल्लक विषय यांपैकी काहीएक नमूद नसताना, आणि त्याच वाक्यात आभारप्रदर्शन झाल्याचे स्पष्ट लिहिलेले असताना, तो शब्द तहकुबीच्या अर्थाने वाचणे कितपत प्रामाणिक आहे? आभार मानून तहकूब झालेली सभा मी तरी पाहिलेली नाही.

कागदपत्री (मिरज) यांचे उत्तर

मी वकिली करतो. सहकारी संस्थांची आणि थोडी कंपन्यांची प्रकरणे हाताखालून जातात, म्हणून या शब्दाची कायद्यातील बाजू जरा विस्ताराने मांडतो.

तहकूब सभेविषयीचे सर्वमान्य तत्त्व असे की, ती नवी सभा नसून मूळ सभेचाच पुढचा भाग असते. म्हणूनच तिच्यात मूळ विषयपत्रिकेवरील विषयच घेता येतात आणि नवा विषय घुसवता येत नाही. कंपनी कायदा, २०१३ याच्या कलम १०३ मध्ये गणपूर्तीअभावी होणाऱ्या तहकुबीचे चित्र अगदी स्पष्ट आहे. नेमलेल्या वेळेपासून अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही, तर सर्वसाधारण सभा पुढील आठवड्याच्या त्याच वारी, त्याच वेळी व त्याच ठिकाणी तहकूब झाली असे मानले जाते, संचालक मंडळाने दुसरा दिवस ठरवला तर गोष्ट वेगळी. त्या तहकूब सभेतही अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही, तर हजर असतील तेवढे सभासद म्हणजेच गणपूर्ती. परंतु सभासदांनी स्वतः मागणी करून बोलावलेली सभा असेल आणि तिला गणपूर्ती मिळाली नाही, तर ती तहकूब न होता रद्दच होते. ज्यांनी आग्रहाने सभा मागितली त्यांनाच यायला सवड नसेल तर इतरांना पुन्हा कशाला बोलवायचे, असा त्यामागचा व्यवहारी विचार असावा.

त्याच कायद्याचे कलम ११६ आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचे आहे. तहकूब सभेत मंजूर झालेला ठराव हा ज्या दिवशी प्रत्यक्षात मंजूर झाला त्याच दिवशीचा मानावा, आधीच्या कोणत्याही तारखेचा मानू नये, असे ते सांगते. म्हणजे सभा एक असली तरी ठरावाची तारीख ठरावाची स्वतःची असते. आपली संस्था कंपनी नसल्याने हे कलम तिला थेट लागू होत नाही, पण दप्तरदारांनी जे तत्त्व सांगितले त्याला ते बळ देते.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत गणपूर्ती एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २० यांपैकी जी संख्या कमी असेल ती ठरवलेली आहे. अर्ध्या तासात ती न झाल्यास सूचनापत्रात सांगितल्याप्रमाणे त्याच दिवशी पुढच्या वेळेला, किंवा ७ दिवसांनंतर व ३० दिवसांच्या आत सभा घेता येते, आणि मूळ विषयपत्रिकेवरील काम गणपूर्ती असो वा नसो चालवता येते. आपण टिपेसह सूचनापत्र काढले होते हे उत्तमच झाले. फक्त यात एक बारकावा आहे. उपविधी अर्धा तास वाट पाहायला सांगतात, त्यामुळे दहाची सभा दहा वाजून पाच मिनिटांनी तहकूब करून लोक घरी पाठवले आणि साडेदहाला पुन्हा बसले, असे इतिवृत्तातून दिसता कामा नये. अर्धा तास थांबलो, गणपूर्ती झाली नाही, म्हणून अध्यक्षांनी सभा तहकूब केल्याचे जाहीर केले, असा क्रम वेळांसह आला पाहिजे. हरकत घ्यायचीच असती तर हरकतदारांनी ती इथे शोधायला हवी होती. त्यांना हे आपण सुचवू नये, एवढेच.

या शब्दाची आणखी एक बाजू आपल्या भागातील साखर कारखान्यांच्या आणि दूध संघांच्या सभांत पाहायला मिळते. घोषणा सुरू होतात, ‘मंजूर, मंजूर’ आणि ‘नामंजूर’ यांचा एकच गलका होतो, राष्ट्रगीत घेऊन व्यासपीठ रिकामे होते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘गोंधळात सभा गुंडाळली’ असा मथळा येतो, तर विरोधक त्याच मांडवात किंवा प्रवेशद्वाराबाहेर समांतर सभा घेतात. आता ‘गुंडाळली’ म्हणजे तहकूब केली की संपवली, हे त्या मथळ्यावरून कळत नाही, आणि पत्रकारांना बहुधा ते कळूही द्यायचे नसते. कायद्याला मात्र ते ठरवावे लागते. इंग्लंडमध्ये १८९४ साली नॅशनल ड्वेलिंग्ज सोसायटी विरुद्ध साइक्स या खटल्यात असे ठरले की, विषय शिल्लक असताना अध्यक्षाला केवळ आपल्या मर्जीने सभा संपवता किंवा तहकूब करता येत नाही, आणि त्याने तसे केलेच तर उपस्थित सभासद दुसरा अध्यक्ष निवडून काम पुढे चालवू शकतात. सभेत शांतता राखणे अशक्य झाल्यास, किंवा सर्वांना चर्चेत भाग घेता येत नसल्यास, गरजेपुरती तहकुबी देण्याचा अधिकार अध्यक्षाला असतो हेही पुढच्या निकालांनी मान्य केले आहे. तेव्हा गोंधळात व्यासपीठ सोडणाऱ्या अध्यक्षाने ‘सभा तहकूब’ म्हटले की ‘सभा संपली’ म्हटले, याला मोठाच अर्थ असतो. पहिल्यात उरलेले विषय जिवंत राहतात, दुसऱ्यात त्यांचे काय झाले याचे उत्तर त्याला द्यावे लागते.

न्यायालयातील तहकुबी याहून निराळी. तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ खाली पक्षकार मुदत मागतो, आणि सुनावणी चालू असताना एका पक्षकाराला तीनपेक्षा अधिक वेळा तहकुबी देऊ नये असे त्यात म्हटले आहे. ही मर्यादा व्यवहारात किती पाळली जाते, यावर मी इथे बोलणे योग्य होणार नाही.

माणदेशी (दहिवडी) यांचे उत्तर

ग्रामसेवक म्हणून बरीच वर्षे ग्रामसभांचे इतिवृत्त लिहिले आहे, म्हणून थोडी भर घालतो. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते, आणि गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला ती अट राहत नाही. आमच्या दुष्काळी भागात सुगीच्या दिवसांत शंभर माणसे चावडीपुढे गोळा करणे हे टँकर मंजूर करून घेण्याइतकेच कठीण काम असते, त्यामुळे ‘तहकूब ग्रामसभा’ हा शब्द गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. त्याला कोणी रद्द झालेली सभा समजत नाही. गावात त्याचा अर्थ इतकाच की पुढच्या वेळी डोकी मोजणार नाहीत.

मात्र लोक एक गोष्ट विसरतात, आणि ती कागदपत्री यांनी बरोबर सांगितली. तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही. पुष्कळदा सरपंचांना आठवड्याभरात नवीन विषय सुचतो आणि तो ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली घ्या असा आग्रह होतो. अशा वेळी मी त्यासाठी वेगळी सभा बोलवायला सांगत असे. इतिवृत्तात वरच्या बाजूला ‘अमुक दिनांकाची गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा’ असे पूर्ण लिहावे, नुसते ‘तहकूब सभा’ लिहू नये, म्हणजे ती कोणत्या सभेचा पुढचा भाग आहे हे दहा वर्षांनी दप्तर उघडणाऱ्यालाही समजते.

कृष्णाकाठ यांची पुन्हा विचारणा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन गोष्टी अजून विचारतो. पहिली अशी की, हरकतदारांनी आपल्या पत्रात ‘सभा स्थगित झाली असल्यामुळे’ असा शब्दप्रयोग केला आहे, तर ‘स्थगित’ आणि ‘तहकूब’ हे एकच समजावेत का? दुसरी अशी की, इंग्रजी प्रत सभासदांना ईमेलने पाठवून झालेली आहे. आता त्यातील शब्द बदलला तर इतिवृत्तात फेरफार केल्याचा आरोप होईल का?

दप्तरदार यांचे उत्तर

‘स्थगित’ हा शब्द या अर्थाने मराठीत अलीकडे हिंदी बातम्यांमुळे अधिक ऐकू येतो, कारण हिंदीत संसदेची बैठक ‘स्थगित’ होते. मराठीत मात्र ‘स्थगिती’ म्हटले की एखाद्या आदेशाच्या किंवा ठरावाच्या अंमलबजावणीला वरच्या अधिकाऱ्याने किंवा न्यायालयाने घातलेली रोख, असा अर्थ आधी मनात येतो. निबंधकांनी ठरावाला स्थगिती दिली, उच्च न्यायालयाने निवडणुकीला स्थगिती दिली, ही आपली नेहमीची वाक्ये आहेत. हरकतदारांनी हा शब्द जाणून वापरला असेल असे मी म्हणत नाही, पण आपल्या उत्तरात तो चुकूनही उचलू नका. आपण लिहिलेले ‘स्थगित’ पुढे कोणी ‘ठरावाला स्थगिती होती, हे सचिवांनीच मान्य केले’ असे वाचून दाखवील. विधिमंडळात ‘स्थगन प्रस्ताव’ असतो हे खरे, आणि मूळ इंग्रजी शब्द तोच आहे, पण तिथे चालू कामकाज थांबवून तातडीचा विषय घेण्याची ती एक विशिष्ट रीत आहे. त्याच विधिमंडळात रोजची बैठक ‘तहकूब’ होते, आणि राज्यपाल अधिवेशन संपल्याचे जाहीर करतात तेव्हा ते ‘संस्थगित’ होते. तिन्ही शब्द सारखे दिसत असले, तरी पहिल्या दोन गोष्टी सभागृहात घडतात आणि तिसरी राज्यपालांच्या आदेशाने घडते.

इतिवृत्ताच्या बाबतीत घाबरण्याचे कारण नाही. आपला कागद अजून मसुदा आहे. उपविधींप्रमाणे मसुदा सभासदांकडे पाठवायचा, त्यांची म्हणणी लेखी घ्यायची, व्यवस्थापक समितीने त्यांचा विचार करून इतिवृत्त अंतिम करायचे आणि मग ते इतिवृत्त पुस्तकात नोंदवायचे, अशीच पद्धत आहे. सभासदांची म्हणणी मागवण्याचा हेतूच मुळी अशा दुरुस्त्या व्हाव्यात हा असतो. हरकतदारांचे पत्र समितीपुढे ठेवा, शब्दापुरती त्यांची सूचना मान्य केल्याची आणि ठरावापुरती अमान्य केल्याची नोंद कारणांसह करा. चुकीचा शब्द गुपचूप बदलून नवी प्रत पाठवणे मात्र टाळा.

कागदपत्री यांचे उत्तर

दप्तरदारांच्या सल्ल्यात एका वाक्याची भर घालतो. दोन भाषांत इतिवृत्त ठेवायचे असेल तर इंग्रजी प्रतीच्या माथ्यावर ‘मूळ मराठी इतिवृत्त हेच अधिकृत असून ही प्रत केवळ सभासदांच्या माहितीसाठी आहे’ असे इंग्रजीत स्पष्ट लिहावे, आणि अध्यक्षांची व सचिवांची सही इतिवृत्त पुस्तकातील मराठी मजकुरावरच असावी. हे एकदा झाले की अमेरिकी आणि ब्रिटिश वहिवाटीचा वाद आपल्या संस्थेपुरता उद्भवत नाही.

कृष्णाकाठ यांचा समारोपाचा प्रतिसाद

समितीची बैठक काल झाली. मराठी मजकुरात पुढीलप्रमाणे दोन वाक्ये कायम केली आहेत. आरंभी: ‘सकाळी दहा वाजता सभेस आवश्यक गणपूर्ती नव्हती. साडेदहापर्यंत प्रतीक्षा करूनही गणपूर्ती न झाल्याने अध्यक्षांनी सभा तहकूब केल्याचे जाहीर केले व सूचनापत्रातील टिपेनुसार तहकूब सभेचे कामकाज त्याच ठिकाणी सकाळी साडेदहा वाजता मूळ विषयपत्रिकेवरील विषयांपुरते सुरू करण्यात आले.’ आणि अखेरीस: ‘विषयपत्रिकेवरील सर्व विषय संपल्यानंतर अध्यक्षांचे व उपस्थितांचे आभार मानण्यात आले आणि दुपारी पावणेएक वाजता सभेचे कामकाज संपले.’ प्रतीक्षेच्या अर्ध्या तासात आम्ही सभागृहातच थांबलो होतो, त्यामुळे वेळांचा क्रम प्रत्यक्षाला धरूनच आहे. इंग्रजी प्रतीत शेवटी ‘कन्क्लूडेड’ घातले असून अधिकृततेची ओळ माथ्यावर घेतली आहे. तरुण सभासदांनी आनंदाने बदल केला, आणि ‘टेबल’ हे क्रियापद मसुद्यात आणखी एका ठिकाणी होते तेही त्यांनी स्वतःहून काढले.

हरकतदारांना शब्दाबाबतची त्यांची सूचना मान्य झाल्याचे लेखी कळवले आहे. ठरावाबाबत ते उपनिबंधकांकडे जाणार असल्याचे म्हणतात. तो त्यांचा हक्क आहे, आणि तिकडे सूचनापत्र, हजेरीपत्रक व दुरुस्त इतिवृत्त यांच्या प्रती देण्याची तयारी आम्ही करून ठेवली आहे.